वर्गणीचं शहर

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं आवरून-सावरून.)

नमस्कार मंडळी!

दर मेळाव्यात चार-पाच नवी कुटुंबं भेटतात आणि बटाटेवड्याच्या रांगेत मला हमखास विचारतात, "काका, फ्रँकफुर्टमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?" बँकांचे मनोरे खिडकीतूनच दिसतात, विमानतळ तर पहिल्याच दिवशी पाहून झालेला असतो. आता सुट्टीत हायडेलबर्ग की थेट पॅरिस, एवढंच ठरवायचं उरलेलं असतं. आज माईक माझ्या हातात आहे, तेव्हा या गावाची वकिली करून घेतो.

गाव म्हणतोय ते उगाच नाही. वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिकच्या जेमतेम निम्मी. तरी युरोपीय मध्यवर्ती बँक इथे, बुंडेसबँक म्हणजे जर्मनीची मध्यवर्ती बँक इथे, देशातला सगळ्यात मोठा शेअरबाजारही इथेच. याचं मूळ एका जत्रेत आहे. माइन नदी इथे पायी ओलांडता यायची, म्हणून वाटा इथे येऊन मिळायच्या आणि बाजार भरायचा. 1240 मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं फर्मान काढलं, की या बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याला वाटेत कुणी हात लावायचा नाही. व्यापारी आले, त्यांच्याबरोबर दहा मुलखांची नाणी आली, आणि कुठलं नाणं किती मोलाचं यावरून रोजची हुज्जत. शेवटी 1585 मध्ये व्यापाऱ्यांनी एकत्र बसून नाण्यांचे दर ठरवून टाकले. शेअरबाजार आपलं वय तिथूनच मोजतो. छपाईवाल्या गुटेनबर्गचं माइन्त्स हाकेच्या अंतरावर असल्यानं याच जत्रेत पुस्तकंही विकली जाऊ लागली. आजचा पुस्तकमेळा 1949 मध्ये पाउल्सकिर्श या चर्चमध्ये नव्यानं सुरू झाला. 1986 आणि 2006 मध्ये भारत तिथला पाहुणा देश होता.

आता माझा खरा मुद्दा. सम्राटांचे राज्याभिषेक इथे व्हायचे, पण अभिषेक उरकला की स्वारी आपल्या मुलखात परत. राजवाडा नाही, दरबार नाही, म्हणून राजाश्रयही नाही. मग इस्पितळ हवं, चित्रं हवीत, तर करायचं काय? आपण गणपतीला करतो तेच. वर्गणी!

झेंकनबर्ग नावाचा डॉक्टर घ्या. 1763 मध्ये त्यानं सगळी मालमत्ता समाजासाठी देऊन टाकली. त्या पैशातून इस्पितळ उभं राहत होतं आणि हे गृहस्थ बांधकाम बघायला म्हणून परांचीवर चढले. तोल गेला, पडले, संपले. तुमची मुलं डायनासोर बघायला जातात त्या संग्रहालयाला याच डॉक्टरांचं नाव आहे. दुसरा श्टेडल. मसाल्याचा व्यापारी आणि सावकार. 1815 च्या मृत्युपत्रात त्यानं आपली चित्रं आणि संपत्ती कलासंस्थेला लिहून दिली. लांबचे नातेवाईक कोर्टात गेले, खटला दहा वर्षांहून अधिक चालला. भाऊबंदकी काही आपलीच मक्तेदारी नाही! आज नदीकाठच्या श्टेडल संग्रहालयात तुम्ही बघता ती चित्रं त्या भांडणातून वाचली आहेत.

नदीवरचा लोखंडी पादचारी पूल, आयझरनर श्टेग, तोही नागरिकांनी पैसे गोळा करून 1869 मध्ये उभा केला. खर्च निघेपर्यंत पूल ओलांडायला माणशी एक क्रॉइत्सर मोजावा लागे. विद्यापीठ निघालं 1914 मध्ये, तेही देणग्यांतून.

आणि आल्टे ओपर, म्हणजे जुनं ओपेरागृह. हिच्यासाठी मी जरा जास्त वेळ घेणार आहे. शहरातल्या धनिकांनी वर्गणी काढली, खर्च फुगत गेला, तो शहरानं उचलला आणि 20 ऑक्टोबर 1880 ला पडदा वर गेला. बरोबर अकरा दिवसांनी, 31 ऑक्टोबर 1880 ला, पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ची नांदी झाली. हा योगायोग मला सापडला त्या दिवशी मी घरात सगळ्यांना दोनदा सांगितला. बायको म्हणाली, "बरं, मग?" तर मग असं, की कालिदासाची शकुंतला इथे त्याच्या नव्वद वर्षं आधीच येऊन गेली होती. 1791 मध्ये तिचा जर्मन अनुवाद आला आणि याच गावात जन्मलेल्या कवी गटेनं तिच्यावर चार ओळींची कविता केली. त्याच्या 'फाउस्ट' नाटकाच्या आरंभी नाटक कंपनीचा मालक, कवी आणि विदूषक यांची बोलाचाली आहे. ती आपल्या सूत्रधार-नटीवरून सुचली, असं अभ्यासक मानतात.

1944 च्या बॉम्बवर्षावात ओपेरा जळाला, नुसत्या भिंती उरल्या. 1965 मध्ये राज्याचे मंत्री रूडी आर्न्ट म्हणाले, सुरुंग लावून पाडून टाका. लोकांनी त्यांचं नाव 'डायनामाइट-रूडी' ठेवलं, पुढे महापौर झाले तरी ते चिकटूनच राहिलं. आणि पुन्हा वर्गणी! 28 ऑगस्ट 1981 ला, म्हणजे गटेच्या वाढदिवशी, दारं उघडली. दर्शनी भागावर कोरलंय ते वाचा: सत्याला, सुंदराला, मंगलाला. आपलं सत्यं शिवं सुंदरम्‌, फक्त क्रम बदललेला.

गटेचं घर मात्र मुलांना घेऊन बघा. आजीनं नातवाला नाताळात दिलेलं कठपुतळ्यांचं थिएटर तिथे ठेवलंय. मूळ घर 22 मार्च 1944 ला, नेमकं गटेच्या पुण्यतिथीला, जळालं. आतलं सामान आधीच हलवल्यामुळे वाचलं आणि घर होतं तसं पुन्हा बांधलं.

तत्त्वज्ञ शोपेनहॉवर या गावात 1833 पासून मरेपर्यंत राहिला. दारा शुकोहच्या फारसीवरून लॅटिनमध्ये आलेली उपनिषदं तो वाचायचा आणि त्याच्या कुत्र्याचं नाव होतं आत्मा. यावर मी काही बोलत नाही.

एक गोष्ट हसत सांगता येत नाही. या वर्गणीदारांत ज्यू नागरिक फार मोठ्या संख्येनं होते, विद्यापीठाच्या बाबतीत तर विशेषच. जुन्या ज्यू दफनभूमीच्या बाहेरच्या भिंतीत काडेपेटीहून थोडे मोठे लोखंडी ठोकळे बसवलेत, सुमारे बारा हजार. प्रत्येकावर नाझींच्या एका बळीचं नाव, जन्मतारीख आणि कुठे मारलं ते ठिकाण. लोक ठोकळ्यावर छोटासा खडा ठेवून जातात. ॲन फ्रँक याच गावात जन्मली, तिचंही नाव त्यात आहे. आणि ज्या घाऊक भाजीबाजाराच्या तळघरातून या माणसांना आगगाड्यांत कोंबलं, त्याच जागेवर आज युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मनोरा उभा आहे. आपल्यातले काहीजण तिथे रोज कामाला जातात. स्मारक आवारातही आहे आणि बाहेर रुळांच्या बाजूलाही, एकदा थांबून बघा.

आता खाणं, नाहीतर वडे गार व्हायचे. क्लाइनमार्क्टहाले या बाजारात पांढऱ्या कागदात गुंडाळलेली सात पाल्यांची जुडी मिळते, तिची हिरवी चटणी करतात. 'ग्र्यूने झोसं' म्हणतात तिला, उकडलेल्या बटाट्यांबरोबर खातात. माझी आई इथे आली होती तेव्हा वर्तमानपत्र पसरून ती जुडी निवडायला बसली. अंबाडीसारखा आंबट पाला तिनं चाखून ओळखला, आणि सगळं झाल्यावर म्हणाली, "लसूण घालायचा राहिला की यांचा." सफरचंदाची आंबट वाइन मात्र पहिल्या घोटाला कुणालाच आवडत नाही. ज्या पेल्यात ती देतात त्याला बाहेरून चौकटी पाडलेल्या असतात, मटण खाल्लेल्या तुपकट हातातून निसटू नये म्हणून, असं इथले म्हातारे सांगतात.

तर उद्या सकाळी दहाला लोखंडी पुलाच्या रोमरकडच्या, म्हणजे जुन्या नगरभवनाकडच्या, जिन्यापाशी जमायचं. पुलावर आता पैसे पडत नाहीत. दुपारच्या जेवणाची वर्गणी मात्र खजिनदारांकडे आजच जमा करा, त्या दाराशीच वही घेऊन बसल्या आहेत.