फॉरमॅट मारण्याआधी

कोल्हापूर, शाहू मार्केट यार्ड. गुळाचे सौदे सुरू आहेत. पेढीवर मात्र पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाचा कागद, निघेना. कॉम्प्युटरवर गोल चक्र फिरतंय आणि बाकावर शेतकरी थांबलेत.

अशा वेळी पहिला सल्ला येतो तो फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचा. त्याआधी कीबोर्डवरची ही तीन बटणं बघा: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप, तिन्ही एकदम. हा टास्क मॅनेजर, कुठला प्रोग्राम किती खातोय ते दाखवणारा. 1996 च्या विंडोज एनटी 4.0 पासून तो विंडोजमध्येच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. खिडकी छोटी उघडली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबायचं.

सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे चार रकाने दिसतात. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. इथं सीपीयू 8 टक्के, डिस्क 100. म्हणजे प्रोसेसर मोकळाच आहे, अडलंय डिस्कपाशी. आता मेमरी, म्हणजे चालू कामाचा माल ठेवायची रॅम बघा: 4 जीबी, 94 टक्के भरलेली. रॅम भरत आली की विंडोज त्यातला माल हार्डडिस्कवरच्या पेजफाइलमध्ये उतरवतं आणि लागेल तसा परत चढवतं. फिरत्या चकतीच्या जुन्या हार्डडिस्कला ही ने-आण झेपत नाही. कॅबिनेटवरचा हा लाल दिवा लुकलुकायचा सोडून सलग पेटलाय, तो त्यामुळेच.

रॅम अडवलीय कुणी? ब्राउझरच्या नावाशेजारचा बाण दाबला, तर खाली भली मोठी रांग निघाली. उघडे टॅब 23. ते ब्राउझरमध्ये जाऊनच बंद करायचे. मग परत टास्क मॅनेजरमध्ये, 'स्टार्टअप'चा टॅब. मशीन सुरू होताच आपोआप उठणारे प्रोग्राम इथं सापडतात. व्हिडिओ कॉलचा, गाण्यांचा, जुन्या प्रिंटरचा: राइट क्लिक, 'डिसेबल'. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. अँटिव्हायरसला हात लावायचा नाही.

'सर्व्हिस होस्ट'च्या डझनभर ओळी बघून व्हायरस समजू नका, त्या विंडोजच्याच असतात. शंका आलीच तर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन'. फाइल सिस्टम32 मध्ये निघाली तर ठीक. तेच नाव डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरमध्ये सापडलं, तर मात्र लगेच इंटरनेट काढा आणि स्कॅन लावा.

प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करणारं 'एंड टास्क' जपून. सेव्ह न केलेलं जातं, आणि विंडोजची एखादी मुख्य प्रोसेस मारली तर निळा पडदा येतो.

मशीन रीस्टार्ट झालं. मेमरी 61 टक्के. या पेढीला 8 जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, लागणारच आहे, पण फॉरमॅट मारून रॅम वाढली नसती, आणि बॅकअप नसता तर हिशेब तेवढे गेले असते.

लाल दिवा पुन्हा लुकलुकतोय. प्रिंटरमधून पहिली पट्टी बाहेर येते.