खाडीपलीकडचं एस्सेलवर्ल्ड

(पडद्यावर : गोराईची जेटी, सकाळची वेळ. बोटीच्या इंजिनाची धडधड.)

एस्सेलवर्ल्डचं फाटक खाडीपलीकडे होतं, पण आमची सहल सुरू व्हायची ती इथेच, या जेटीवर. बोरिवलीहून आलं तर गोराईची जेटी, मालाडहून आलं तर मार्वेची. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांनी बोटीत पहिलं पाऊल ठेवलं ते एस्सेलवर्ल्डला जाताना. ओली फळी, हात द्यायला पुढे वाकलेला खलाशी, आणि मागून बाईंचा आवाज : "एकेक जण! ढकलाढकली केलीत तर सगळे परत!" इंजिन सुरू झालं की बाकापासून दातांपर्यंत सगळं थरथरायचं. काठावर तिवरांची गर्द झाडी. त्या झाडीवर एखाद्या राइडचं टोक दिसलं रे दिसलं, की बोटीत असा गलका उठायचा की इंजिनही ऐकू येऊ नये.

एस्सेलवर्ल्ड सुरू झालं १९८९ साली. आमच्या आईबाबांच्या लहानपणी पाळणा यायचा तो जत्रेबरोबर, आणि जत्रा उठली की गाडीवर लादून पुढच्या गावाला जायचा. इथले पाळणे जमिनीत पक्के रोवलेले. यंदा जमलं नाही तर पुढच्या सुट्टीत, या आश्वासनावर आमची आख्खी वर्षं निघायची. सुभाष चंद्रांच्या ज्या समूहानं हे पार्क उभारलं, त्यानंच पुढे १९९२मध्ये झी टीव्ही आणला. एस्सेलवर्ल्डची जाहिरात तर आम्हाला शाळेतल्या प्रार्थनेइतकी पाठ होती.

(पडद्यावर : घरच्या अल्बममधले फोटो, कडा पिवळ्या पडलेले.)

झिपर डिपर, हूला लूप, मॉन्स्टर्स इन द मिस्ट. कुठून आधी सुरुवात करायची यावरून भावंडांची भांडणं बोटीतच उरकलेली असायची. त्या टक्कर-गाड्यांच्या छताला तारेची जाळी होती. गाडीमागचा दांडा तिला घासत जायचा आणि वळणावर निळी ठिणगी उडायची. वीज त्या दांड्यातून खाली येते आणि पायाखालच्या लोखंडी फरशीतून परत जाते, हे बाबांनी मला रांगेत उभं असताना समजावलं होतं. विजेचं सर्किट मी शाळेत शिकले ते नंतर, पण कळलं होतं ते त्या रांगेत.

मला सगळ्यात लख्ख आठवतं ते मात्र बर्फाचं स्केटिंग. बाहेर मे महिना, अंगाला चिकटलेले कपडे. आणि दार ढकलून आत गेलं की तोंडातून वाफ! मुंबईच्या मुलांनी स्वतःच्या श्वासाची वाफ कधी बघायची? आम्ही तिथे उभे राहून नुसतं हा-हा करत एकमेकांच्या तोंडावर वाफ सोडत बसलो होतो. बुटांच्या नाड्या आवळताना बोटं दुखायची. मग कठड्याला धरून एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि धपकन खाली. बर्फाखालून गारठवणाऱ्या नळ्या गेलेल्या असतात, असं कुणीतरी सांगितलं, तर माझ्या दादानं ओणवं होऊन बर्फाला कान लावला. उठला तेव्हा कान लालबुंद. "येतोय आवाज," म्हणाला. खरंच येत होता की नाही, ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही.

१९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आलं. पुढे विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट उभा राहिला आणि बोटीतून आधी तोच दिसायला लागला. तोवर आम्ही मोठे झालो होतो. कॉलेजच्या ग्रुपबरोबर एकदा गेले, घाईघाईत, आणि बर्फाकडे फिरकलेही नाही. ती माझी शेवटची खेप. त्याची हळहळ मला आजही वाटते. २०२२मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं.

(पडद्यावर : जेटीवरून निघणारी बोट. संध्याकाळ.)

बोटी अजून जातात. पॅगोडाला जाणारे असतात, वॉटर किंगडमला जाणारी मुलं असतात. परवा मी दादाबरोबर त्याच बाकावर बसले. इंजिन सुरू झालं, बाक थरथरला, आणि आम्ही दोघांनी न ठरवता एकदमच तिवरांच्या वर बघितलं.

परतीच्या बोटीत तेव्हा आम्ही पार गळून गेलेलो असायचो. बाई डोकी मोजायच्या. घरी येऊन जेमतेम दोन घास पोटात गेले की अंथरुणावर. आणि डोळे मिटले की गादी हळूच वर उचलली जायची, क्षणभर तिथेच थांबायची, आणि पोटात खड्डा पाडत खाली यायची.