शिट्टीच्या आधी झेंडा

[दृश्य: टचलाइनवर आडवे धावणारे पाय, हातात चौकटींचा झेंडा]

फुटबॉल पंचाची परीक्षा पास झाली की हातात शिट्टी येते, असं आपल्याला वाटतं. बहुतेकांच्या हातात आधी झेंडा येतो. १७ नियम पाठ आहेत, लेखी पेपर चांगला गेलाय, धावण्याची चाचणीही पार पडलीय. आणि पहिली नेमणूक येते शालेय स्पर्धेत, सकाळपासून टचलाइन, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूची रेषा, धरून उभं राहण्याची.

ते काम जवळून बघा.

झेंडा हातात असलेला हा सहायक पंच शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असतो. तो पुढे सरकला की हाही सरकतो, तो मागे पळाला की हाही पळतो. पास निघतो त्या क्षणी आक्रमक कुठे होता, हे टिपून ठेवायचं. पण झेंडा लगेच वर न्यायचा नाही! ऑफसाइडच्या जागेत, म्हणजे पास निघताना प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात चेंडू आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांपेक्षा गोलच्या जवळ, नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. तो खेळाडू खेळात भाग घेतो का, हे बघायचं, थांबायचं, मग झेंडा सरळ वर. शिट्टी वाजली की तोच झेंडा जागा सांगतो. पलीकडच्या बाजूला ऑफसाइड असेल तर तिरपा वर, मध्ये असेल तर आडवा, अलीकडे असेल तर तिरपा खाली.

नवखा पंच इथेच घाई करतो. झेंडा वर जातो, चेंडू मागून धावत आलेल्या दुसऱ्याच खेळाडूला मिळतो आणि होणारा गोल बुडतो. तो एक सेकंद थांबायला शिकण्यात कितीतरी सामने जातात.

[दृश्य: कोल्हापूर, राजर्षी शाहू स्टेडियम, भरलेली गॅलरी]

भारतात पंचांची वाट जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्यातून देशाकडे जाते. दर्जा कॅटेगरीने ठरतो; आकडा जितका लहान, तितका दर्जा मोठा. महाराष्ट्रात हे काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, तर देशपातळीवर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे. कॅटेगरी १ म्हणजे राष्ट्रीय पंच. राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी, क्लबांची इंडियन सुपर लीग ही सगळी पुढची स्वप्नं.

पण नुसती परीक्षा देऊन कुणी वर जात नाही. सामने लागतात आणि ते सामने कुणीतरी बघावे लागतात. गॅलरीत वही घेऊन बसलेला असेसर हा नवीन पंचाचा खरा परीक्षक. फाउल दिला की नाही, एवढंच तो बघत नाही. फाउल झाला तेव्हा पंच कुठे होता, हे तो बघतो. पंधरा मीटरवरून दिलेली पेनल्टी खेळाडू कुरकुरत का होईना, मान्य करतात. चाळीस मीटरवरून दिलेली तीच पेनल्टी कुणी मान्य करत नाही. म्हणून पंच मैदानात तिरका धावतो, खेळ आपल्या आणि सहायकाच्या मध्ये राहील असा. पहिल्या मिनिटाला सोडलेला धक्का ऐंशीव्या मिनिटाला फाउल ठरवला, तर तेही वहीत येतं. सामन्यानंतरचा अहवाल कसा लिहिला, लाल कार्डाचं कारण नियमाच्या भाषेत दिलं का, हेसुद्धा.

कोल्हापुरात यात आणखी एक पदर आहे. इथे मैदानात उतरतात ते तालीम आणि तरुण मंडळांचे संघ. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा. प्रत्येकामागे आपली पेठ, आपली पोरं, आपला अभिमान. पंच गावातलाच असेल तर तो राहतो कुठे, हे अर्ध्या गॅलरीला ठाऊक असतं. एक निर्णय विरोधात गेला की ‘हा त्यांचाच’ अशी आरोळी उठते. खेळाडूच्या हुकलेल्या पेनल्टीवर हळहळणारी माणसं तेवीस वर्षांच्या पंचाच्या चुकीवर त्याच्या अंगावर धावून जातात, हे मला अजिबात पटत नाही. तोही शिकतोच आहे. मात्र अशा गर्दीसमोर शांत राहून शिट्टी वाजवायला जो शिकला, तो पुढे कुठल्याही मैदानावर बिचकत नाही.

[दृश्य: ॲथलेटिक्स ट्रॅक, धावण्याची चाचणी]

वरच्या टोकाला फिफाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय पंचाचा, बॅज आहे. मुख्य पंचासाठी किमान वय २५, सहायकासाठी २३. पुरुष पंचाची चाचणी अशी: ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं चाळीस वेळा. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर दहा फेऱ्या! आणि ही तयारी बहुतेकजण नोकरी सांभाळून करतात, पहाटे.

इथवर आपली माणसं पोचली आहेत. चेन्नईचे के. शंकर २००२च्या विश्वचषकात सहायक पंच होते. गोव्याचे तेजस नागवेंकर फिफाचे पंच झाले. गोव्याच्याच उवेना फर्नांडिस आधी भारताकडून खेळल्या, मग झेंडा हातात घेतला आणि २०१६ साली जॉर्डनमधल्या मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेल्या.

बॅज मिळाला म्हणून तो कायमचा होत नाही. त्यावर वर्ष छापलेलं असतं. दर १ जानेवारीला फिफाची यादी नव्याने लागू होते, आणि त्यात नाव राहायचं तर ट्रॅकवर पुन्हा उतरावं लागतं.