पुढून घसरते की मागून?

नमस्कार मंडळी. टोरांटोत बर्फ पडला रे पडला, की आम्हाला फोन सुरू. "गाडी रस्ताच धरत नाही हो!" माझा उलट प्रश्न ठरलेला: पुढून घसरते की मागून? स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच निघाली, तर पुढून. वळणावर मागचा भाग बाहेर फेकला गेला, तर मागून.

आता आमच्या ओळखीचे एक काका ऐका. मूळचे सोलापूरचे, मुक्काम मिसिसॉगा. हायवेवरून रॅम्पच्या वळणावर उतरताना यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की गाडीचं बूड निघालंच बाहेर. शेजारी काकूंची रामरक्षा सुरू. काकांनी दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ, करून घेतलं, डिकीत मिठाच्या पिशव्या भरल्या. फरक शून्य. शेवटी गाडी ब्रॅम्प्टनला एका सरदारजींच्या गॅरेजात नेली. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. खिशातून टूनी काढली, आपलं दोन डॉलरचं नाणं हो, आणि मागच्या टायरच्या खाचेत उभी खोचली. कडेचं चंदेरी कडं अर्धंही बुडेना, म्हणजे खाचा पार झिजलेल्या. मग पुढच्या टायरपाशी वाकले. तिथे डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह, म्हणजे विंटर टायरची खूण, आणि खाचा कोऱ्या करकरीत. "अंकलजी, आगे स्वेटर, पीछे बनियान?"

काकांचं गणित असं, की गाडी ओढतात पुढची चाकं, मग विंटर टायर दोनच घ्यावेत, मागचे ऑल-सीझन, म्हणजे बारमाही, चालतील. यावर काकू जे बोलल्या ते रेडिओवर सांगता येत नाही.

पुढची चाकं घट्ट धरतात, मागची सुटतात, म्हणून गाडी गरकन फिरते. तेव्हा विंटर टायर चारही. पुन्हा सांगतो, चारही! साधारण ७ अंशांखाली ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. आपल्या ऑन्टारिओत असा कायदा कधी होणार, देव जाणे. आणि ऑल-व्हील ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर असल्याचा, तोरा मिरवणाऱ्यांनो, ती गाडी निघते झोकात, थांबायला मात्र टायरच लागतात. डोळ्यापुरती काच खरवडून निघणारे, छपरावरचा बर्फ मागच्याच्या काचेवर उडवणारे, त्यांच्याबद्दल तर मी वेगळा कार्यक्रम करीन.

हवाही बघा. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) कमी होते. ती गार टायरची मोजायची, गाडी चालवून आल्यावर नाही.

आणि बर्फातून आल्यावर हायवेवर स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर लगेच मेकॅनिककडे धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला बर्फाचा गोळा बसलेला असतो, त्याने चाकाचं बॅलन्स जातं. सुरक्षित जागी गाडी लावा, ब्रशने तो काढा, मग बघा. थरथर तरीही राहिली, तर गॅरेज आहेच.