यमाताराजभान आणि गॅरेजचं दार

मंडळी, नमस्कार. आजचा विषय आहे गाडीत कारखान्यातूनच बसवून येणारं गॅरेज उघडायचं बटण आणि त्यातले धोके. गाडी विकताना काय पुसायचं, ती चोरीला गेली तर आधी कुठे धावायचं, हे शेवटी सांगायचं कबूल केलंय आणि ते सांगणारच आहे. पण त्याआधी थोडं गणित. चेहरे पडले, दिसतंय मला. काळजी नको, शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला जेवढं होतं तेवढंच आहे.

बटणं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. मधल्या आरशाखाली, छताच्या पट्टीवर किंवा सन व्हायझरवर ओळीने तीन, त्यांतल्या एखाद्यावर घराचं चित्र. अमेरिकेत बहुतेक गाड्यांमध्ये ही यंत्रणा होमलिंकची असते. मूळ मिशिगनच्या प्रिन्स कॉर्पोरेशनची, १९९६ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सकडे गेली, २०१३ मध्ये जेन्टेक्सने घेतली. साधारण २८८ ते ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती जुन्या-नव्या बहुतेक ओपनरांशी, म्हणजे गॅरेजचं दार उघडणाऱ्या मोटरींशी, बोलते. सगळ्यांशी बोलते, हा तिचा गुण. आणि वीस-तीस वर्षांपूर्वीच्या अगदी भाबड्या ओपनरशीही त्याच्याच भाबड्या भाषेत बोलते, ही माझी तक्रार.

तो भाबडेपणा काय होता ते बघा. जुन्या रिमोटचं मागचं झाकण काढलं की आत आठ, दहा किंवा बारा बारीक स्विचांची रांग दिसते, डिप स्विच म्हणतात त्यांना. प्रत्येक स्विच वर किंवा खाली. मोटरीच्या डब्यावरही तशीच रांग. दोन्ही जुळल्या की दार उघडतं. बारा स्विच म्हणजे दोनाचा बारावा घात, ४०९६ शक्यता. आठच असतील तर फक्त २५६. शिवाय पुष्कळ लोकांनी कारखान्यातून आले तसेच ते ठेवले, तो भाग वेगळा.

आता ४०९६ वेळा प्रयत्न कोण करणार, असं वाटतं. २०१५ मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने तो हिशेब मांडला. आठ ते बारा स्विचांचे सगळे कोड, रिमोट पाठवतं तसे प्रत्येकी पाच-पाच वेळा, मध्ये विराम देऊन पाठवले तर सुमारे २९ मिनिटं लागतात. कुणाच्या दारात अर्धा तास उभं राहणं चोरालाही परवडत नाही. मग त्याने पुनरावृत्ती काढली, विराम काढले, आणि शेवटी एक युक्ती केली. ती युक्ती तुम्ही सगळे नववी-दहावीत पाठ करून विसरलेले आहात.

यमाताराजभानसलगम्. हसताय म्हणजे आठवतंय. गण आठ. प्रत्येकात तीन अक्षरं, लघू किंवा गुरू. आठ गण सुटे लिहायचे तर चोवीस अक्षरं लागतील. पण या सूत्रात अक्षरं दहाच आहेत. कसं? 'यमाता' हा य गण: लघू, गुरू, गुरू. एक अक्षर पुढे सरका: 'मातारा', म गण, तिन्ही गुरू. आणखी एक सरका: 'ताराज', त गण. मग 'राजभा', 'जभान', 'भानस', 'नसल', 'सलगम्'. आधीच्या गणाची शेपटी हेच पुढच्या गणाचं डोकं. लघू म्हणजे शून्य आणि गुरू म्हणजे एक धरा, की तीन स्विचांच्या रिमोटचे आठही कोड दहा ठोक्यांत (एक ठोका म्हणजे पाठवलेला एक आकडा) बसले. ज्याने हे सूत्र बांधलं त्याला गॅरेजशी देणंघेणं नव्हतं, वृत्तं लक्षात राहावीत एवढीच त्याची खटपट. विसाव्या शतकात अशा मालिकांवर डच गणिती द ब्रॉइन यांचं नाव पडलं, १९४६ च्या त्यांच्या कामामुळे. आपल्या व्याकरणाच्या मास्तरांना कुणी श्रेय देत नाही, हीसुद्धा एक तक्रार, पण ती वेगळ्या व्याख्यानाची.

हे ओपनरवर चालतं, कारण कित्येक जुने रिसीव्हर, म्हणजे मोटरीतले रेडिओ ऐकणारे भाग, कोड कुठे सुरू झाला, कुठे संपला हे बघतच नाहीत. शेवटचे बारा ठोके हातात धरतात. जुळले नाहीत तर सगळे टाकून देत नाहीत, सर्वांत जुना एक टाकतात आणि नवा एक घेतात. म्हणजे अक्षर अक्षर सरकत गण मोजणारा विद्यार्थीच तो! मग बारा स्विचांना ४९,१५२ ठोके लागत नाहीत, ४०९६ अधिक ११, म्हणजे ४१०७ पुरतात. एका ठोक्याला दोन मिलिसेकंद. गुणाकार करा: ८.२ सेकंद. कामकारने हे करून दाखवलं ते मॅटेलच्या आयएम-मी नावाच्या, बाजारातून केव्हाच गेलेल्या गुलाबी खेळण्यावर. लहान मुलींनी एकमेकींना निरोप पाठवायचं खेळणं, आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची रेडिओ चिप.

तुमचा ओपनर असा असेल तर गाडीतल्या बटणाने तो अधिक कमकुवत होत नाही. होता तेवढाच राहतो. पण गाडीतलं बटण चालतंय, दिवा लुकलुकतोय, सगळं नवंकोरं दिसतंय, म्हणून आपली व्यवस्था आधुनिक आहे असा समज होतो. आणखी एक गोष्ट. या प्रकारात गाडी रिमोटचा कोड जशाचा तसा पाठ करते. त्यामुळे गाडी विकताना पुसायचं राहिलं आणि ती हाताबाहेर गेली, तर मोटरीवरचे आणि रिमोटमधले स्विच बदलणं एवढाच उपाय.

पुढची पिढी रोलिंग कोडची. दर वेळी नवा कोड, वापरलेला बाद. तुम्ही दुकानात उभे असताना बटण चार वेळा चुकून दाबलं गेलं तरी चालतं, कारण रिसीव्हर थोडे पुढचे कोडही स्वीकारतो. यालाही खिंडारं पडली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठातल्या मंडळींनी कीलॉक नावाच्या रोलिंग कोडच्या पद्धतीत चिप किती वीज खाते ते मोजून उत्पादकाची मूळ किल्लीच, म्हणजे सगळे कोड ज्यावरून बनतात तो गुप्त आकडा, बाहेर काढली. ती हाती आल्यावर रिमोटचे दोन संदेश ऐकून त्याची नक्कल करता येत होती. आणि २०१५ मध्येच कामकारने आणखी एक डबी दाखवली, रोलजॅम. तुम्ही बटण दाबता, डबी लहर बिघडवते आणि कोड टिपून ठेवते. दार उघडत नाही, तुम्ही वैतागून पुन्हा दाबता. डबी दुसराही टिपते आणि पहिला सोडते. दार उघडतं, तुम्ही खूश, आणि न वापरलेला दुसरा कोड तिच्याकडे शिल्लक. मात्र त्यानंतर तुम्ही डबीच्या टप्प्याबाहेर पुन्हा एकदा दार उघडलं-मिटलं की तो शिल्लक कोड बाद होतो. त्यामुळे वर्तमानपत्रात वाचून झोप उडवून घेण्याइतकं हे...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे आता कबूल केलेलं व्याख्यान सुरू करतो.

मुद्दा असा की चोराला यातलं काही करायची गरज नाही. काच फोडायची, बटण दाबायचं. व्हायझरला अडकवलेलं सुटं रिमोट निदान काढून घरात नेता येतं, हे नेता येत नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये नोंदणीचा कागद आणि विम्याचं कार्ड, दोन्हींवर पत्ता. नॅव्हिगेशनमध्ये 'होम'. आणि गॅरेजमधून घरात जाणारं दार? त्याला कुलूप आहे, पण लावतं कोण!

तेव्हा आधी हे तपासा. गाडी बंद करा, किल्ली घरात ठेवून या, गाडी झोपी जायला पाचेक मिनिटं द्या, मग बटण दाबा. काही गाड्यांत इग्निशनशिवाय ते चालत नाही, काहींत बिनदिक्कत चालतं. तुमचं चालत असेल तर अंगणात उभी केलेली गाडी ही घराची बाहेर टांगलेली किल्ली आहे. टेस्लासारख्या गाड्या जवळ आल्यावर दार आपोआप उघडायची सोय देतात; ती बंद ठेवा, एक बटण दाबायचा कंटाळा एवढा मोठा नसतो.

गाडी विकताना किंवा भाड्याची परत देताना: कडेची दोन बटणं एकदम दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. मॉडेलप्रमाणे दहा ते वीस सेकंद लागतात, आणि लोक पाचव्या सेकंदाला सोडतात. तिन्ही बटणं एकदम पुसली जातात. पडद्यावरच्या फॅक्टरी रीसेटवर विसंबू नका. आरशातल्या यंत्रणेची स्मृती अनेकदा वेगळी असते. बॅटरी काढूनही ती जात नाही.

आता मोटरीची बाजू. रोलिंग कोडमध्ये गाडी ही रिमोटची नक्कल नसते, मोटरीच्या यादीतलं स्वतंत्र नाव असतं. गाडी गेली तरी नाव राहतं. जुन्या बहुतेक मोटरींत एकच नाव खोडता येत नाही, सगळी यादी पुसावी लागते. मोटरीच्या डब्यावर, अँटेनाची तार लोंबते तिथे, 'लर्न' बटण असतं. सहा सेकंद दाबून धरा, शेजारचा दिवा विझला की पुसलं. परत शिकवताना मात्र ते दाबून लगेच सोडायचं. तीस सेकंदांत सुटं रिमोट एकदा दाबायचं, गाडीचं बटण दोन-तीनदा. शिकवायच्या वेळी बोट रेंगाळलं की आत्ताच शिकवलेलं सगळं जातं, आणि मग लोक कंपनीला शिव्या देतात.

चेंबरलेन आणि लिफ्टमास्टरच्या मोटरी असतील तर 'लर्न' बटणाचा रंग बघा. पिवळा म्हणजे २०११ नंतरची सिक्युरिटी प्लस २.०, रोलिंग कोडची नवी आवृत्ती. जांभळा, लाल, नारिंगी हे आधीचे रोलिंग कोड. हिरवा किंवा नुसते डिप स्विच असतील तर मोटर बदला.

गाडी चोरीला गेली तर पोलिसांना कळवा, आणि तेवढ्यात घरात जो कोणी असेल त्याला फोन करून भिंतीवरच्या पॅनेलचं 'लॉक' बटण दोन सेकंद दाबायला सांगा. रेडिओवरचं सगळं बंद होतं, भिंतीचं बटण चालू राहतं. असं पॅनेल नसेल तर मोटरीचा प्लग काढा. गावाला जातानाही हेच. दाराला आतून सरकती कडी असेल आणि ती लावणार असाल, तर प्लग आधी काढा, नाहीतर मोटर कडीशी झुंजून दाराचा पत्रा वाकवते. लाल दांडीची आणीबाणीची दोरी, जी ओढली की दार मोटरीपासून सुटं होतं, ती मात्र कापून टाकू नका. दाराच्या वरच्या फटीतून तार घालून ती ओढता येते हे खरं, पण वीज गेल्यावर बाहेर पडायचा तोच मार्ग आहे. तारेपासून वाचवणारी पट्टी मिळते, ती लावा. आतल्या दाराला डेडबोल्ट, म्हणजे जाड दांड्याचं पक्कं कुलूप, आणि तो दिवसाही लावलेला.

धावपळ संपल्यावर ते सहा सेकंदांचं पुसणं. त्यात बाहेरच्या कीपॅडचा आकडाही जातो, तो त्याच दिवशी पुन्हा शिकवा. मुलं शाळेतून आल्यावर जुनाच आकडा दाबत बसतील.