उसनं बीपी

श्रोतेहो, नमस्कार. पेठ-सुरगाण्याकडून १०८ नाशिकला येते. पेशंटला धाप, अंग घामाने डबडबलेलं. "पण बीपी ११० आहे," नातेवाईक सांगतात. घशातून श्वासनळीत नळी पडते, व्हेंटिलेटर लागतो, अन् पाच मिनिटांत बीपी ७०. नळीनेच घात केला, असं घरच्यांना वाटतं.

ऑगस्ट १९५२, कोपनहेगन. पोलिओची साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाची यंत्रं मोजून सात. बारा वर्षांची एक मुलगी गुदमरतेय. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन गळ्याला पाडलेल्या छिद्रातून नळी घालून रबरी फुग्याने हवा देऊ लागतात. हवा आतच जाईना, पोरगी झुंजतेय. बघायला जमलेले डॉक्टर हळूहळू निघून गेले. इब्सेननी १०० मिलिग्रॅम पेंटोथाल, म्हणजे भुलीचं औषध, दिलं. तिचा स्वतःचा श्वास थांबला आणि फुगा चालू लागला! साचलेला कार्बन डायऑक्साइड उतरला. मग त्यांनी दाखवून दिलं: हवा कमी पडली की घाम फुटतो, बीपी चढतं, हवा नीट दिली की दोन्ही उतरतं. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने फुगे दाबले.

म्हणजे धापेतलं बीपी शरीराच्या झुंजीतून आलेलं, उसनं असतं, हे पुन्हा सांगतो, उसनं. नळी घालताना दिलेल्या भुलीने ती उसनवारी बंद होते. वर व्हेंटिलेटरचा दाब हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो.

मग आधी ओळखायचं कसं? नाडीला वरच्या बीपीने भागा. नाडी १२०, बीपी ११०: उत्तर १.०९. निरोगी माणसात ते ०.५ ते ०.७ असतं. ०.८-०.९ च्या पुढे गेलं की सावध. वय जास्त, सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेले, बीपी चढवायचं औषध आधीच चालू, तर आणखी सावध. मात्र आकडा कमी आला म्हणून निर्धास्त राहू नये. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध, घेणाऱ्याची नाडी फारशी चढत नाही.

"एक सलाईन लावा ना डॉक्टर!" आपल्याकडे अशक्तपणालाही सलाईन, परीक्षेआधी पोराला सलाईन, हे वेड मला मुळीच पटत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत हजारावर पेशंट होते. नळीआधी ५०० मिलिलिटर सलाईन सरसकट देऊन बीपी कोसळणं थांबलं नाही. रक्त गेलेल्याला, जुलाबाने सुकलेल्याला द्यावंच लागतं, ते वेगळं.

उपयोगी पडतं ते असं. बीपी चढवणारं नॉरअॅड्रेनलिन आधीच जोडून ठेवा, बीपी काठावर असेल तर नळीआधीच सुरू करा. भुलीचं केटामिन नेहमीच्या निम्म्याने, किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम. स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम मात्र कमी नको, किलोला १.२ मिलिग्रॅम तरी हवं, कारण रक्ताभिसरण मंद असलं की ते उशिरा लागू पडतं. प्रोपोफॉल ही भूल बीपी पाडते, ती शक्यतो टाळा. बीपीचा पट्टा दर १-२ मिनिटांनी फुगेल असा लावा. पंधरा मिनिटांवर ठेवला तर घसरण कळणारच नाही.

आणि दम्याच्या पेशंटचं बीपी नळीनंतर पडलं, तर औषधाआधी व्हेंटिलेटरची जोडणी काढा, कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्या. तरीही बीपी वर येईना, तर फुप्फुस फुटून छातीत हवा भरली आहे का ते लगेच पाहा.