हातातलं काम खाली ठेवता येणारी कला

नमस्कार मंडळी. ‘कलाशिक्षिका आणि आई’ या विषयावर मी बोलावं, असं कमिटीनं सुचवलं. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी चित्रकला शिकवते आणि दोन मुलं वाढवलीत, एवढंच माझं भांडवल. त्यापेक्षा आज शिल्पकार रूथ असावा यांच्याबद्दल बोलते. त्या आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच.

जन्म १९२६चा, दक्षिण कॅलिफोर्नियात. आईवडील जपानहून आलेले, भाजीपाला पिकवणारे. घरात सात भावंडं. १९४२ साली युद्धाच्या नावाखाली जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढलं, तेव्हा वडिलांना एफबीआयनं नेलं आणि बाकी कुटुंबाची रवानगी सांता अनिताच्या रेसकोर्सवर झाली. राहायला घोड्यांचे तबेले! तिथे डांबलेल्यांत डिस्नेचे काही चित्रकारही होते. ते मुलांना चित्रं काढायला शिकवायचे, आणि रूथ त्यांच्याकडे शिकली.

पुढे मिलवॉकीला ती शिक्षिका व्हायला गेली. आपल्याकडे बी.एड.ला पाठ घ्यावे लागतात, तसे तिथेही घ्यायचे होते. पण जपानी वंशाच्या मुलीला वर्गात उभं करायला कुणी तयार होईना. पाठ नाहीत, म्हणून पदवी नाही. मग ती नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात गेली, चित्रकार जोसेफ आल्बर्स यांच्या हाताखाली. १९४७ साली मेक्सिकोतल्या टोलुकामध्ये तिनं बाजारात अंड्यांसाठी तारेच्या टोपल्या पाहिल्या आणि त्या विणायला शिकली. तिची जगप्रसिद्ध लटकती शिल्पं याच विणीतून आली. डी यंग म्युझियमच्या टॉवरमध्ये ती बघता येतात, जरूर बघा.

आता आईचा भाग. १९४९ला आर्किटेक्ट आल्बर्ट लॅनियर यांच्याशी लग्न झालं आणि दहा वर्षांत घरात सहा मुलं. स्टुडिओ असा वेगळा नव्हताच. इमोजेन कनिंगहॅम यांनी काढलेले फोटो पाहा: रूथबाई तार वळतायत आणि मुलं त्याच खोलीत आपापल्या उद्योगात. मला यातली कारागिराची हुशारी फार आवडते. जलरंग अर्धवट सोडले की वाळतात, माती सुकते. तार मात्र जिथल्या तिथे थांबते. बाळ रडलं, खाली ठेवली. झोपलं, पुन्हा उचलली. माझ्या वर्गात बऱ्याच बायका ‘मुलं कॉलेजला गेली, आता शिकते’ म्हणत येतात. त्यांना मी हे फोटो आधी दाखवते. सहा मुलं सांभाळून सगळ्यांना असं जमेल, असं मी म्हणणार नाही, मला दोघांतच घाम फुटला होता! पण घरात कुठलं काम धरायचं, हे निवडता येतं.

स्वतःची मुलं शाळेत जाऊ लागली तेव्हा तिथलं चित्रकलेचं शिक्षण रूथबाईंना फारच तोकडं वाटलं. तक्रार करून थांबल्या नाहीत. १९६८ला सॅली वुडब्रिज यांच्याबरोबर अल्वाराडो शाळेत कार्यशाळा सुरू केली. साहित्य काय, तर दुधाचे रिकामे खोके आणि मैदा-मीठ-पाणी मळून केलेला गोळा. शिकवायला खरे कलाकार आणि मदतीला पालक. युनियन स्क्वेअरजवळ हॉटेलच्या पायऱ्यांवर त्यांचं १९७३चं कारंजं आहे ना, त्यावर दाखवलेलं सॅन फ्रान्सिस्को शहर आधी याच गोळ्यातून घडलं, शाळेतल्या मुलांसह कितीतरी जणांच्या हातांनी, आणि मग ब्राँझमध्ये ओतलं गेलं. शेजारी ॲपलचं दुकान होणार होतं तेव्हा आराखड्यात कारंज्याला जागाच नव्हती. लोकांनी ओरड केली आणि ते राहिलं. अशी ओरड आपल्याला पण यायला हवी, हा माझा आगाऊपणा समजा.

घरी येणाऱ्यांच्या चेहऱ्याचे साचे घेऊन त्या मातीचे मुखवटे करत आणि घराच्या भिंतीवर लावत. त्यातले २३३ आता स्टॅनफर्डच्या कँटर म्युझियममध्ये आहेत. १९८२ला त्यांच्या खटपटीतून शहरात कलेची सार्वजनिक हायस्कूल उभी राहिली. २०१०पासून तिला त्यांचंच नाव आहे. आणि मिलवॉकीची अडलेली पदवी? ती १९९८ला मिळाली. तिथले लोक मानद डॉक्टरेट द्यायला निघाले होते, बाईंनी आपली राहिलेली बॅचलरची डिग्रीच मागितली.

तर मंडळी, चहानंतर मागच्या खोलीत चार टेबलं मांडली आहेत. चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दीड वाटी पाणी, हे रूथबाईंचं प्रमाण. मुलांना तिथे सोडून आईबाबांनी परत हॉलमध्ये गप्पा मारायला यायचं नाही. तुमच्यासाठीही गोळे मळलेत.